पुलावरची लाल बटणं

लाल बटण टेकडीच्या मागे सरकवून तिने पटावरून पिवळं फडकं फिरवलं. बाथरूममध्ये नवऱ्याचं दुसरं गाणं नुकतंच सुरू झालं होतं, म्हणजे अजून वेळ होता. तिने आणखी एक लाल बटण नदीकाठाने पुढे नेलं, मग हात आवरला आणि ते परत जागेवर ठेवलं. एका दिवशी एकच, असं तिने स्वतःशी ठरवलेलं होतं.

हा लढाईचा पट नवऱ्याने स्वतः आखला होता. त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि घरी आल्यावर कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचा. पटावर एक नदी, एक टेकडी आणि मधोमध पूल. पूल राखणारी काळी बटणं त्याची, पूल घ्यायला आलेली लाल बटणं शत्रूची. सगळी बटणं तिच्या शिवणाच्या डब्यातली.

आधी त्याने तिलाच विचारलं होतं, "शत्रू होतेस का? रोज संध्याकाळी थोडा वेळ."

"मला नाही बाई असलं जमायचं," ती म्हणाली होती. "डोक्याची कामं तुम्ही करा. मला ब्लाउज शिवू द्या."

तो हिरमुसला, पण वाद घातला नाही. काही दिवसांनी म्हणाला, "मग हा खेळ एकट्याने खेळायचाच करतो. शत्रूची चाल फासा ठरवेल."

कसला शत्रू आणि कसलं काय. जितके ठिपके पडतील तितकी घरं पुढे, तीही सरळ पुलाकडे. पट पुसताना तिला ते बघवेना. कापड कुठून वळवलं की बाही नीट बसते हे तिच्या हाताला आपोआप कळायचं, आणि ही बटणं मेंढरांसारखी रांगेने मरायला निघालेली. एका सकाळी तिने त्यातलं एक टेकडीआड ढकललं.

संध्याकाळी नवरा पटापुढे बसला आणि बघतच राहिला. "अगं, हे पथक इकडे कधी आलं?"

"मला काय विचारता? फासा तुम्ही टाकलात."

"असेल बाबा. फासा भलताच बेरकी निघाला." त्याने हात चोळत खुर्ची पुढे ओढली. इतका खूश झालेला तो तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. आंघोळीला जाताना तो चष्म्याचं पिवळं फडकं न चुकता पटाशेजारी विसरायचा. "एक दिवस डोकंसुद्धा विसराल कुठेतरी," असं पुटपुटत ती त्याच फडक्याने पट पुसायला घ्यायची. दुपारी मशीनवर बसली तरी डोळ्यांपुढे टेकडी आणि पूल. उद्याची चाल ठरवण्याच्या नादात एकदा तिने चांगल्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही उलटी लावून ठेवली. पण ती मजेत होती. नवऱ्याला हरवण्यात एवढी गोडी असते हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि मग त्याने खेळ दातांच्या डॉक्टरांना द्यायचं ठरवलं.

डॉक्टर त्याचे जुने मित्र. असल्या खेळांचं वेड असलेल्यांचं त्यांचं एक मंडळच होतं. "ते आधी स्वतः खेळून बघणार," नवरा म्हणाला. "आवडला तर मंडळात सगळ्यांना देणार." त्याने नवा पट आखला, तिच्याकडून नवी बटणं घेतली, सगळं एका डब्यात भरलं आणि झाकणावर तिच्याच सुरेख अक्षरात लिहून घेतलं: 'पूल. एकट्याने खेळायचा खेळ.' नियमांची पानं मात्र दाखवली नाहीत. "तू शुद्धलेखन काढत बसशील," म्हणून डब्याला चिकटपट्टी लावून टाकली.

डबा गेला आणि मग तिच्या लक्षात आलं. डॉक्टरांच्या घरी लाल बटणं कोण हलवणार? ती सरळ चालत जाऊन मरणार, डॉक्टर जांभया देणार आणि मंडळात हसं होणार ते तिच्या नवऱ्याचं. खेळ चांगला झालाय असं त्याला वाटायला लावलं कुणी? तिनेच. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि त्या प्रेमापायीच तिने त्याला तोंडघशी पाडायची तयारी करून ठेवली होती.

एकदा जेवताना तिने धीर केला. "अहो, तो तुमचा शत्रू खरंच एवढा हुशार आहे का?"

"म्हणजे काय," तो भात कालवत म्हणाला. "त्याच्याइतकं डोकं निदान मला तरी नाही."

त्याचा फुललेला चेहरा पाहून तिने त्याला आणखी भात वाढला.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात डॉक्टर, काखेत डबा. नवरा आंघोळीला गेलेला, त्याचं पहिलं गाणं रंगात आलेलं. हातातलं फडकं न ठेवताच तिने त्यांना बसायला सांगितलं आणि ते तोंड उघडायच्या आत सगळं ओकून टाकलं.

"डॉक्टर, शत्रू मठ्ठ निघाला असेल तर त्यात यांची चूक नाही. इथे रोज मीच बटणं हलवत होते. यांना माहीत नाही. हसायचं तर मला हसा, पण त्यांना काही बोलू नका."

"मठ्ठ?" डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "वहिनी, अहो, माझ्या बहिणीने मला पार धूळ चारली. आणि ही बाई जन्मभर म्हणत आली, 'मला खेळातलं काही कळत नाही.'"

"बहिणीने? पण खेळ तर एकट्याचा आहे."

डॉक्टरांनी तिच्या हातातल्या पिवळ्या फडक्याकडे पाहिलं. आत दुसरं गाणं सुरू झालं.

"त्याने तुम्हाला नियम दाखवलेच नाहीत वाटतं," ते हळूच म्हणाले. "पहिलाच आहे. शत्रूची पाळी आली, की फडकं पटाशेजारी विसरून आंघोळीला जायचं, आणि कमीत कमी दोन गाणी म्हणायची."