देवव्रतांचं नाक

"त्यांना विचारू नका," सुचेता म्हणाली. "माझी विनंती आहे."

अनुपमराव अंगणातच थांबले. त्यांची मुलगी ईशानी गाडीतून बाटल्यांची खोकी उतरवत होती. पडवीत सुचेताचे यजमान देवव्रत एकेक ग्लास उजेडाला धरून पुसत होते.

खालापूरच्या या घरी दर महिन्याच्या एका शनिवारी वाइनचं जेवण असे. एका वेळी एकच घराणं बोलवायचं, ज्यांची द्राक्षबाग स्वतःची आणि बाटलीवर नावही स्वतःचंच. मुंबईहून दहा-बारा पाहुणे येत. स्वयंपाक सुचेताचा. बाटली उघडली की पहिला वास देवव्रतांनी घ्यायचा आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणाच्या ग्लासात थेंब पडायचा नाही, असा शिरस्ता होता. खोपोलीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या या माणसाच्या नाकाचा लौकिक नाशिकपर्यंत पोचला होता.

आजचं घराणं अनुपमरावांचं होतं आणि ते देवव्रतांना आपल्याकडे कामाला बोलावणार होते. कुठल्या पिंपातली वाइन कशात किती मिसळायची, हे यंदा देवव्रतांनी ठरवायचं. निवृत्त झाल्यापासून ते याच एका बोलावण्याची वाट पाहत होते.

"पण का, वहिनी?"

"त्यांना वास येत नाही आता."

सुचेताने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांतली ती नव्हती.

"मागच्या कुंपणाला अनंत फुललाय. रोज सकाळी म्हणतात, काय घमघमतोय! मी फुलात नाक खुपसून पाहिलं. त्या झाडाला वासच नाही. आठवणीतला वास सांगतात ते. गेल्या महिन्यात एक चांगली बाटली खराब म्हणून बाजूला काढली. मी घोट घेतला, काही खोट नव्हती. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापुढे कोण बोलणार?" ती पुढे म्हणाली, "तुमच्याकडे चारचौघांत हे उघडं पडलं, तर ते सावरणार नाहीत हो."

अनुपमरावांनी एकदा पडवीकडे पाहिलं आणि भावाला फोन लावला. "मिश्रणाच्या कामासाठी पुण्याच्या त्या बाईंना हो म्हणून टाक. हो, आत्ताच कळव."

फोन खिशात ठेवत ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

तिला मात्र काही बरं वाटलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पाठीमागे तिने पहिल्यांदाच काही केलं होतं.

स्वयंपाकघरात अंबूबाई आमटी ढवळत होती. सुचेताने वरून आणखी मसाला टाकला.

"वैनी, बास की! पावन्यांच्या डोल्यांतून पानी काडताय का?"

"हल्लीच्या मसाल्यात जीवच नाही, अंबूबाई. भाज्याही नुसता चोथा. बरं, तू नीघ आता. कुंभिवलीचा टेंपो जाईल."

"सायबांनी सांगितलंय, पावनं जाईपर्यंत स्वैपाकघर सोडू नको."

"त्यांना हल्ली उगाच कसली तरी धास्ती वाटते. जा गं तू."

"मंग बारीक गॅसवर ठेवलीय, ध्यान ठेवा," म्हणत अंबूबाईने चपला घातल्या.

जेवण रंगलं. दोन बाटल्या झाल्या. तिसरीचा ग्लास देवव्रतांनी नाकापाशी नेला आणि ते थबकले.

"ही नको. ओल्या गोणपाटासारखा वास येतोय. बूच दगा देऊन गेलं."

सुचेताने हातातली वाटी खाली ठेवली. घराण्याच्या मालकासमोर, त्याच्याच वाइनला! अनुपमरावांनी ग्लास उचलला, वास घेतला, पुन्हा घेतला. मग मान वर करून त्यांनी सरळ सुचेताकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "ईशानी, दुसरी आण."

किती सांभाळून घेणारा माणूस, सुचेताला वाटलं.

"काका, या नाकाचा विमा उतरवा तुम्ही!" ईशानी हसत म्हणाली.

"उतरवला असता गं. पण तपासायला येणाऱ्याचं नाक कोण तपासणार?"

टेबलाभोवती हशा पिकला. देवव्रत आज फार खुशीत होते. मधूनच ते अनुपमरावांकडे आशेने पाहत, आणि अनुपमराव ताटात पाहत. सुचेताला ते बघवेना. तो बाजूला ठेवलेला ग्लास घेऊन ती उठली. आतल्या खोलीत जाऊन तिने त्यातला एक घोट घेतला. वाइन तिला अगदी स्वच्छ लागली. म्हणजे आपण केलं ते बरोबरच केलं, असं तिने स्वतःला बजावलं. तरी डोळे भरून आलेच. पाहुण्यांना तसलं तोंड दाखवायला नको म्हणून ती तिथेच पलंगावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती आमटी आणायला स्वयंपाकघरात गेली.

आमटी उतू जाऊन शेगडीवर पसरली होती आणि खालची ज्योत विझली होती. तिने पातेलं उचलून बाजूला ठेवलं आणि लायटर हातात घेतला.

पडवीत खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला.

"सुचेता! लायटर खाली ठेव!"

देवव्रत धावत आत आले. त्यांनी शेगडीचं बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला, दोन्ही खिडक्या धाडकन उघडल्या. मग तिच्या मुठीतून लायटर हलकेच सोडवून घेतला.

"काही नाही झालेलं," ते तिला म्हणाले. "घाबरू नकोस."

दारात ईशानी ओढणीने नाक दाबून खोकत होती. तिच्यामागे सगळ्या पाहुण्यांचे रुमाल नाकाला होते. अनुपमराव घाईघाईने भावाला फोनवर सांगत होते, "पुण्याचं थांबव!"

सुचेताने खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

हवा नुसती गार होती.