काटा चाळीसवर

नळ अजून उघडलाच नव्हता, आणि काटा चाळीसवर होता.

ती वाकून बघत राहिली. बाहेरच्या नळाला नवऱ्याने पितळी वॉल्व्ह बसवला होता, घरगाडीत जाणाऱ्या पाण्याचा दाब आवरायला. त्याच्यावर दाब दाखवणारी तबकडी. पाइपात थेंब नाही, म्हणजे काटा शून्यावर हवा. तिने नखाने टिचकी मारली. काटा ढिम्म. मागच्या मुक्कामाला पाण्यातून निम्मा गाळच यायचा. तो तबकडीच्या तोंडात जाऊन बसला होता आणि त्याने काट्याला धरून ठेवलं होतं. कधीपासून, कोण जाणे.

"अहो, हा काटा बघा ना जरा."

"बघितला. चाळीस. एकदम झकास." नवरा नवा फिल्टर पिळून बसवत होता. जुना शेजारी गवतावर पडला होता, भिजलेल्या विटेसारखा. "आता बघ कशी धार लागते. सहा महिने डोकं खाल्लंस माझं."

"गेटवरचा तो माणूस म्हणाला ना, इथे पाण्याला भलता जोर आहे म्हणून. टाकी टेकडीवर आहे. परवा कुणाच्या तरी गाडीतला पाइप फाटला."

"त्याच्याकडे हा नव्हता." नवऱ्याने वॉल्व्हला थोपटलं. एवढ्या मायेने त्याने पोटच्या पोरांनाही कधी थोपटलं नव्हतं.

वॉल्व्हच्या डोक्यात एक स्क्रू होता. आत पिळला की दाब वाढतो, बाहेर काढला की कमी. मागच्या मुक्कामाला धार करंगळीएवढी झाली, तेव्हा तिने सुरीच्या टोकाने तो गुपचूप पिळला होता. एक फेरा. फरक पडला नाही, म्हणून आणखी एक. तरी नाही, मुळात तिथल्या पाण्यातच दम नव्हता. स्क्रू मात्र आत गेला तो गेलाच. आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा ती चार माणसांत ठसक्यात म्हणाली होती, "तुमच्या त्या पितळी लाडक्याला मी बोटसुद्धा लावत नाही."

आत पलंगावर सासूबाई टेकून बसल्या होत्या, नाकात नळी लावून. श्वासाचं मशीन पलंगाखालच्या विजेच्या बोर्डवर चालायचं. पाण्याचा पाइपही त्याच कोपऱ्यातून गेलेला. एवढ्याशा गाडीत दुसरी जागा कुठली काढणार?

खोटं मागे घ्यायला तिला अर्धं मिनिट लागलं असतं. नवऱ्याला नळ उघडायला दोन सेकंद पुरले.

"थांबा..."

नळ फुसकारला. जमिनीवरचा पाइप एकदम ताठ झाला, जागच्या जागी उसळला. काटा चाळीसवरच. नवरा हसून तिच्याकडे वळला, आणि गाडीतून आवाज आला. टक्. मग पुन्हा, टक्.

ती दोन पायऱ्या एका ढांगेत चढली. पलंगाखाली गुडघ्यांवर बसली. पाइपाच्या जोडातून केसाएवढी बारीक पिचकारी उडत होती. बोर्ड अजून कोरडा होता, पिचकारीपासून वीतभर लांब. बघता बघता पिचकारी बोटभर झाली.

"बंद करा! अहो, नळ बंद करा!"

तिने भिंतीवरचं मेन बटण खाली पाडलं. दिवा गेला, पंखा गेला, आणि मशीनची घरघर थांबली. ती घरघर थांबल्यावर गाडी एवढी शांत होते, हे तिला ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. जोरात. तोंड उघडं, खांदे वर उचललेले.

"आई, एक मिनिट. एकच मिनिट, माझ्याकडे बघा."

पिचकारीची धार झाली, धारेची गळती, गळतीचे थेंब. बाहेर नळ बंद झाला होता. तिने बोर्डची वायर उपटली, त्यातली मशीनची पिन काढली, हात सोडवून घेतला, मशीन उचलून ओट्यावर ठेवलं आणि ओट्याजवळच्या प्लगमध्ये लावलं. मेन वर केला. लाल दिवा लागला. लालच राहिला. तिने आकडे मोजायला घेतले आणि सात की आठ इथे चुकली. मग हिरवा झाला.

सासूबाईंचे खांदे हळूहळू खाली आले.

नवरा दारात उभा होता, ओलाचिंब. हातात वॉल्व्ह. नेहमीचा चढा आवाज त्याच्याकडे उरला नव्हता.

"मी पिळला होता हा," तो म्हणाला. "तुला काही बोललो नाही. तीन फेरे."

तिला गप्प बसता आलं असतं. सगळं आयतं त्याच्या नावावर चाललं होतं.

"दोन माझे," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. ती ओरडा खायला तयार होती, पण तो खाली बसला आणि पेचकसाने स्क्रू उलटा फिरवू लागला. दोघं मनातल्या मनात मोजत होती, हे ओठांवरून कळत होतं. पाच झाले.

स्क्रूचं डोकं नवीन असताना कडेच्या बरोबरीत होतं. ते अजून आतच होतं.

त्याने सहावा फेरा फिरवला. सातवा. मग डोकं कडेला आलं, पेचकस थांबला, आणि दोघांनी एकदमच पलंगाकडे मान वळवली.

सासूबाईंनी नाकातली नळी सारखी केली, पदर सारखा केला.

"चमच्याने फिरतो तो," त्या म्हणाल्या. "मागच्या मुक्कामाला पायरीवर बसलं की हात पोचायचा."