तोंडपाठ रस्ता

सकाळी काय खाल्लं ते बाबांना आठवत नसे. पण ज्या राज्यमार्गावर त्यांनी उभा जन्म बस चालवली, तो मात्र तोंडपाठ होता. म्हणूनच दवाखान्याच्या वाटेवर धुकं दाटलं आणि दिव्यांच्या उजेडातही हातभर रस्ता दिसेना, तेव्हा लेकीने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्यावरच भिस्त ठेवली.

"हा चढ बैलगाडीच्या काळातला," बाबा शेजारून सांगत होते. "साहेब लोक फोडायला निघाले होते, कातळाने त्यांचाच घाम काढला! म्हणून रस्त्याला हा वळसा. घे उजवीकडे. हं, शाब्बास."

वळण खरोखरच आलं. तिच्या जिवात जीव आला.

"आता फाटा. डावीकडे घे, आणि पूल लागला की डोळे मिटून सरळ जा."

ती वळली. चाकांखाली सुटी खडी वाजू लागली. रस्त्याच्या मधोमध वाढलेलं गवत गाडीच्या पोटाला घासू लागलं.

"बाबा, डावीकडे पूल कुठला?"

"असं काय करतेस? दगडी कमानींचा! पूल एकच तर आहे."

तिने करकचून ब्रेक दाबला. कमानींचा पूल ती शाळेत असतानाच पुरात वाहून गेला होता. तेव्हापासून हा मार्ग उजवीकडच्या नव्या पुलावरून जात होता. काचेपुढच्या पांढऱ्या धुक्यातून, खूप खालून, पाण्याचा आवाज येत होता. तिने हँडब्रेक ओढला.

बाबांनी तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"घाबरू नकोस, बाळ. गाडी मी चालवतोय ना!"