लाल अक्षरं
पिट्सबर्गच्या संशोधन केंद्रात हृदयाच्या नव्या औषधाचा निकाल झकास आला म्हणून नवशिक्या ब्रेंडनने डोनट आणले होते. पेशंटच्या नोंदी सांभाळणाऱ्या लोरेटाने एक उचलला, ब्रेंडनने निकाल काढायला लिहिलेला प्रोग्राम उघडला आणि घास तोंडातच राहिला. “शेवटच्या तपासणीचा रकाना रिकामा असलेले सगळे पेशंट हिशेबातून काढून टाकलेस?” “मग काय करू? प्रोग्राम रिकाम्या रकान्यांवर सारखा अडायचा, लाल अक्षरांत बोंबलायचा. ही ओळ घातली आणि गप्प झाला.” “रकाना रिकामा का, हे विचारलंस कुणाला?” “आले नसतील तपासणीला.” “कसे येतील? मेले ते!” लोरेटा कडाडली. “त्यांच्या घरच्यांचे फोन मी घेतलेत. आणि तू उरलेल्यांची सरासरी काढून डोनट वाटतोयस?” तिने ती ओळ खोडली, प्रोग्राम पुन्हा चालवला. पडदा लाल झाला. ब्रेंडनचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. तिने तो झटकला. “बोंबलू दे! त्यांच्यासाठी बोंबलणारं एवढंच उरलंय.”