विहिरीचं पाणी

वस्तीतल्या विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड मोजण्यात प्रयोगशाळेतल्या बाईंची अकरा वर्षं गेली होती. बाटलीतल्या पाण्याला पिवळा रंग द्यायचा, थेंब थेंब औषध सोडायचं, विटकरी व्हायला जितके थेंब जास्त तितका खारटपणा जास्त, तो आकडा टिपायचा आणि 'पिण्यास योग्य' असा शिक्का मारायचा. पाणी खारट लागतं म्हणून वस्तीने कितीही ओरड केली, तरी आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आज मात्र थेंब सोडून सोडून बाईंचा हात भरून आला, तरी पाणी आपलं पिवळंच.

"मामा, आज पाणी आणलंत तरी कुठून?" बाटल्या भरून आणणाऱ्या शिपाईमामांना त्यांनी वैतागून विचारलं.

मामा गुडघे चोळत म्हणाले,


"विहिरीवर जावंच लागलं, बाई. आपल्या ऑफिसच्या नळाला आज पाणीच नव्हतं ना!"