पाठीवरचा नंबर
तुम्ही स्पर्धेचे नियम करणाऱ्यांनी आज बारा वर्षांच्या युन-शीला नाचण्याआधीच बाद केलंत. माझ्या ताइचुंग शहरातल्या वर्गात जोडीनृत्य शिकणाऱ्या तेरा मुली आहेत आणि मुलगे दोनच. युन-शी जोडीदारापेक्षा दोन बोटं उंच झाली, तसा तो बुटक्या मुलीकडे गेला. मग तिच्या मैत्रिणीने आठवडाभरात मुलाची पावलं घोटली. नोंदणीच्या टेबलावर मात्र तुमच्या माणसाने नंबराचा कागद दिलाच नाही. "मुलीमुलींची जोडी चालत नाही. नंबर मुलाच्याच पाठीवर लागतो." मैत्रिणीने वळून पाठ दाखवली. "काका, हीसुद्धा पाठच आहे. टाचून तर बघा!" तो हसला आणि त्याने कागद खणात टाकला. या नियमाशी वीस वर्षं भांडून माझा घसा बसलाय. परतताना युन-शीने विचारलं, "बाई, दूध सोडलं तर माझी वाढ थांबेल?" तिला मी काय सांगू? उत्तर तुम्हीच द्या, तिच्यासमोर उभं राहून.