नीलम्मासाठी एसी

"चौथा बोल्ट काय निघंना," गाडीखालून शिवप्पाचा आवाज आला. "बाराचा पाना दे."

नीलम्मानं पाना दिला आणि पुन्हा उंबऱ्यावर टेकली. "सावलीत या की जरा. ऊन वर आलंय."

"आज मंगळवार हाय. परवा तुला नांदेडला न्यायचंय. सावलीत बसून बोल्ट निघतोय व्हय?"

शिरूर अनंतपाळात शिवप्पाची हयात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली. यंदा बोअरच आटले, मग मोटारी कुठून येणार? लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, इथं टँकर आला तर आला. रिकामा बसलेला माणूस म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप, आणि त्यात हा पक्का हट्टी. जन्मात कधी ना गाडी गॅरेजला दिली, ना अंग दवाखान्याला. फणफणला तरी काढा पिऊन दुकान उघडणार.

पण महिन्यामागं नीलम्मा म्हणाली, जिना चढताना दम लागतोय, डाव्या हाताला मुंग्या येतात, छातीवर कुणी बसल्यागत होतंय. तेव्हा मात्र गडी हबकला. रात्ररात्र जागून तिच्याकडं बघत बसायचा.

नीलम्माची भाची शिवकन्या नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिनं खटपट करून हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळवली. ती हुकली तर पुढची थेट दीड महिन्यानं. नीलम्मा आहे त्या गाडीत निघायला तयार होती. अडून बसला तो शिवप्पाच. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, एसी बंद पडलेल्या गाडीत तीन तास? बायकोला काय भाजून न्यायचंय? एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला होता, गॅस तर कधीच उडून गेला होता. देगलूरच्या भंगारवाल्याकडून त्यानं जुना पण चालू कॉम्प्रेसर आणला आणि दारातच गाडी खोलली.

शेवटी तो बोल्ट निघाला.

"आता थांबा," नीलम्मा म्हणाली. "रामकिशन येतोय. वजन त्यो उचलंल."

"पाच-सहा किलोचं तर हाय ते. मी काय म्हातारा झालो?"

"माझी शपथ हाय तुम्हाला."

शपथ घातल्यावर काय करणार? शिवप्पा बाहेर आला आणि स्टेपनीवर बसला. धापा टाकत बराच वेळ मान पुसत राहिला. "ऊन लई हाय यंदा," तो म्हणाला.

"हाव, लई हाय," नीलम्मा म्हणाली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे चैनच होती.

रामकिशन शेजारचा, फ्रिज दुरुस्त करणारा. त्यानं देगलूरहून आणलेला कॉम्प्रेसर जागेवर धरला, शिवप्पानं बोल्ट आवळले, पट्टा चढवला. रामकिशनचं तोंड काही थांबत नव्हतं. "काकू, उदगीर जिल्हा झाला की इकडंच मोठा दवाखाना येतोय बघा. नांदेडला जायची गरज न्हाई."

"तवर कोण थांबतंय," नीलम्मा तोडून बोलली.

बुधवारी रामकिशननं पाइपांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावला. मीटरचा काटा खाली गेला, आणि दहा मिनिटांत परत वर सरकला. कुठंतरी हवा घुसत होती. म्हणजे पाइप पुन्हा खोला.

नीलम्माला रडू आलं. "खड्ड्यात जाऊ द्या तो एसी. मी उन्हात येते, पदर भिजवून येते. पण उद्या चला."

शिवप्पा तिच्याजवळ आला. आयुष्यात त्यानं बायकोची समजूत कधी काढली नव्हती, त्यामुळं ते त्याला धड जमेना. "रडू नगं. तुझ्या छातीला बरं न्हाई. संध्याकाळपर्यंत करून देतो, बघ तू."

पाइपाच्या तोंडाचं रबरी सील कापलं गेलं होतं. तसलं दुसरं सील रामकिशनच्या डब्यात सापडलं. पुन्हा पंप लावला. अर्धा तास तिघंही काट्याकडं बघत उभे होते. काटा हलला नाही.

गॅस भरून गाडी चालू केली तेव्हा पाच वाजले होते. आतून गार वारा आला. जरा वेळानं गाडीखाली टिपटिप पाणी पडायला लागलं, तशी समोरची धुरपताबाई धावत येऊन तिथं भांडं ठेवून गेली. "झाडाला तरी होईल," म्हणाली. सगळे हसले. नीलम्मा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

गुरुवारी पहाटेच निघाले. नीलम्मानं रामकिशनला गाडी चालवायला बसवलं. "तुम्ही माझ्याजवळ मागं बसा," ती शिवप्पाला म्हणाली. "मला धीर येतो." नांदेड येईपर्यंत तिनं त्याचं मनगट काही सोडलं नाही. शिवप्पाला उगाच लाजल्यासारखं झालं, पण त्यानंही हात काढून घेतला नाही. गाडीत छान गारवा होता. घाम गाळला त्याचं चीज झालं, असं त्याला मनापासून वाटलं.

शिवकन्या फाइल घेऊन दारातच उभी होती. तिनं दोघांना सरळ आत नेलं. शिवप्पानं नीलम्माला धरून तपासणीच्या पलंगापाशी आणलं आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. तिचा दम, हाताच्या मुंग्या, छातीवरचं ओझं, काही सोडलं नाही. "हिला बरं करा साहेब," तो म्हणाला. "दुसरं काय मागत न्हाई."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. फाइल उघडली, वरचं नाव वाचून नीलम्माकडं पाहिलं. नीलम्मा नवऱ्याचा हात सोडवून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली.

"वेळेत आलात, आता काळजी नाही," डॉक्टर म्हणाले. "शिवप्पा, शर्ट काढा आणि इथं झोपा."